अमेरिकेचं तुणतुणं

चहा घ्या आधी, गार होईल. आणि हसायचं नाही, बजावून ठेवतो. ही गोष्ट एका मयतीची आहे. मयत झालेली नव्हती, एवढीच काय ती अडचण.

चुका कुणाच्या हातून होत नाहीत? कुणी आमटीत दोनदा मीठ टाकतं, कुणी इंदापूरला जायचं तर दौंडच्या एसटीत बसतं. मी एक जिवंत माणूस मारला. माईकवरून. नुसता मारला नाही, त्याच्या नावानं रडलो, हजारभर माणसांना टोप्या काढायला लावल्या आणि चालू हंगामात साखर कारखाना बंद पाडला. सगळं एका अमेरिकन तुणतुण्याच्या नादात.

एक्याण्णव-ब्याण्णवचा हंगाम असेल. बारामती आणि इंदापूरच्या मधे एक कारखाना. नाव विचारू नका, तिथं मला अजून ओळखतात. यार्डात उसाच्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग लागायची, आणि माझं काम एकच. वजनकाट्याशेजारच्या खोलीत बसून माईकवर नंबर पुकारायचे. ‘गाडी नंबर दोनशे बारा, काट्यावर या.’ यार्डात कर्णे, कामगारांच्या चाळींवर कर्णे, पार गावच्या चावडीपर्यंत कर्णे. सकाळी अभंग लावायचे, मग आकाशवाणीच्या बातम्या जोडून द्यायच्या, दिवसभर नंबर, आणि पंचक्रोशीत कुणी वारलं तर त्याची खबर. लोक त्याला ‘कारखान्याचा रेडिओ’ म्हणायचे आणि मला रेडिओवाला. आता नंबर पुकारणाऱ्याला रेडिओवाला म्हटल्यावर त्याचे पाय जमिनीला लागतील का, तुम्हीच सांगा.

तसा मी होतो हंगामी. कारखाना चालू तर किसन कामावर, चिमणीचा धूर थांबला की किसन घरी. आणि बावड्याच्या मामांची मंदा मला द्यायची, हे दोन्ही घरांत ठरल्यात जमा होतं. अडलं होतं ते मामांपाशी.

“किसन, तुझा हंगाम सा म्हैन्याचा,” मामा म्हणाले. “माझी पोरगी बारा म्हैने जेवती. कायम झाल्याचा कागद आण, मग साखरपुड्याचं बोलू.”

यात चूक काय काढणार? मंदा त्या वेळी दाराआड उभी होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी बावडा ते कारखाना सायकलवर उलट्या वाऱ्यातनं आलो आणि दम लागलेला मला कळलं नाही.

त्याच दिवाळीत माझा वर्गमित्र शिरीष अमेरिकेहून आला. काटेवाडीचा गडी, दूधधंद्याचं शिकायला वर्षभर तिकडं एका गोठ्यावर होता. सगळ्यांना साबण आणि चॉकलेटं, मला मात्र बुटाच्या खोक्यात भरून अकरा कॅसेटी. तिकडं म्हणे पेट्रोल पंपावर ढीग लावून विकतात.

मी इंग्रजी गाणं म्हणजे नुसती धडधड समजत होतो. हे वेगळंच निघालं. कुणीतरी नाकातून गात होतं, गाता गाता मधेच आवाज चिरकत होता. मागं आपल्या तुणतुण्यासारखं काहीतरी, पण चौपट वेगानं. व्हायोलिन तर असं, की ऐकणाऱ्याच्या हातातलं काम थांबावं. कॅसेटीवरच्या फोटोत सगळे डोक्याला टोप्या घातलेले, उन्हानं रापलेले. मला वाटलं, ही तर आपलीच माणसं, नुसती लांब राहायला गेलीत.

रोज तीन ते साडेतीन पाळी बदलायची, काट्याची साफसफाई व्हायची, तेवढा वेळ नंबर बंद. तो अर्धा तास मी मागून घेतला आणि कार्यक्रम चालू केला, ‘अमेरिकेचं तुणतुणं’. सादरकर्ते, अर्थातच, मी.

आता सादर करायचं म्हणजे गाण्याचा अर्थ सांगायला नको? मला इंग्रजी येत नव्हतं. ती माझी अडचण, श्रोत्यांना त्याचा त्रास कशाला? मी आवाजावरून अंदाज घ्यायचो आणि ठोकून द्यायचो. “मंडळी, या गाण्यात एका शेतकऱ्याचा बैल गेलाय. तो म्हणतोय, आता मोट कुणाच्या जिवावर हाणू.”

गाणं संपायच्या आत खिडकीत भिवातात्या हजर. तात्या म्हणजे यार्डातले सगळ्यात जुने गाडीवान. पांढरा फेटा, देखणी खिलार जोडी, आणि कर्ण्याच्या खांबाखालची जागा त्यांची ठरलेली.

“किसनराव, त्येचा बैल कुठल्या जातीचा हुता?”

“खिलार, तात्या.”

“तितं खिलार हाय?”

“हितनंच नेलेत.”

तात्या गेले. चार दिवसांनी तेच गाणं मी परत लावलं आणि विसरून म्हणालो, या गाण्यात शेतकऱ्याची म्हैस मेलीय. तात्या पुन्हा खिडकीत.

“त्या दिशी बैल मेलता न्हवं?”

“दोन्ही गेले, तात्या. वाईट दिवस आलेत त्याच्यावर.”

तात्यांनी मान हलवली. त्यांना त्या माणसाचं खरंच वाईट वाटत होतं. मला माझी लाज वाटायला हवी होती, पण मी रेडिओवाला होतो.

असं दोन महिने चाललं. मग एका सोमवारी लेबर ऑफिसरनी बोलावलं. त्यांच्यासमोर एक अर्ज, खाली सह्या थोड्या आणि अंगठे फार. त्यांनी वाचून दाखवला, “कार्यक्रम बरा असतो. निवेदक फार बोलतो.”

मी म्हणालो, “साहेब, लोकांना समजायला नको का?”

“किसन, पुढच्या सोमवारी बोर्डाची मीटिंग आहे. कायम करायच्या यादीत तुझं नाव आहे. त्याला हा अर्जही जोडलेला आहे. एवढा आठवडा तोंड आवर.”

यादी बोर्डापुढं गेली तरी शेवटची सही नानांची. नाना म्हणजे कारखान्याचे संस्थापक. जुन्या काळी सायकलवर फिरून, एकेका वस्तीवर मुक्काम करून त्यांनी शेअर गोळा केले होते. वय ऐंशीच्या पुढं. गेले पंधरा दिवस ते पुण्याला दवाखान्यात होते आणि त्यांचा विषय निघाला की माणसं आवाज खाली आणायची.

मी ठरवलं. बोलायचं नाही म्हणजे नाही. मंगळवारी दोनच वाक्यं बोललो, बुधवारी एक. गुरुवारी म्हटलं, आज तेही नको. खोक्यात तळाला एक कॅसेट होती, तिच्यात गाणंच नव्हतं. नुसती व्हायोलिनं, तीही संथ, आणि मधेमधे एक तारेचं वाद्य, माणूस हुंदका गिळतो तसं वाजणारं. गाणं नाही तर अर्थ नाही, अर्थ नाही तर बोलायचा मोह नाही. कुणी खिडकीशी आलं तर बोलावं लागेल म्हणून दार आतून लावलं, खिडकी लावली, कॅसेट चालू केली. नमस्कारसुद्धा केला नाही. डोळे मिटले आणि सोमवारची वाट बघत बसलो.

आता एक गोष्ट तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही होती, फक्त त्या अर्ध्या तासात डोक्यातनं गेली. देशात कुणी मोठं माणूस गेलं की रेडिओवरची गाणी बंद होतात. निवेदन नाही, जाहिरात नाही, नुसती संथ सारंगी नाहीतर व्हायोलिन. आपण टपरीवर उभे असतो, कानावर ते सूर पडतात, आणि आपण पानवाल्याला एवढंच विचारतो, कोण गेलं? असे सूर त्याआधीही याच कर्ण्यांतून यार्डानं ऐकले होते.

बाहेर काय झालं ते मला मागाहून कळलं. पहिल्यांदा तात्यांनी फेटा काढून गुडघ्यावर ठेवला. शेजारच्या गाडीवाल्यानं विचारलं, “कोण गेलं?”

“ठावं न्हाय. पर किसन बोलंना झालाय. म्हंजी लईच मोठं माणूस आसंल.”

एवढं बोलणं शंभर गाड्यांवरून फिरत फिरत मिलच्या गव्हाणीपर्यंत गेलं. तिथं ऊस टाकणारे थांबले. ऊस येईना म्हणून मिल थांबली. कँटीनवाल्यानं स्टोव्ह विझवला. वॉचमननं ऑफिसवरचा झेंडा अर्ध्यावर आणला. सगळ्यांच्या मनात एकच नाव, आणि ते कुणी उच्चारेना. खात्री झाल्याशिवाय अशुभ कोण बोलणार? ऑफिसातले लोकही बाहेर आले. यार्डाला कळलंय म्हणजे वरून आलं असणार, असं ऑफिसला वाटलं. ऑफिसनं झेंडा उतरवलाय म्हणजे खरंच असणार, असं यार्डाला वाटलं.

साडेतीनला कॅसेट संपली. मी दार उघडलं. आधी कळेना काय चुकलंय. मग लक्षात आलं, मिलचा आवाज नाही. हंगामात तो आवाज रात्रंदिवस असतो, तो नसला की कानात दडे बसल्यासारखं होतं. समोर हजारभर माणसं, सगळी उघड्या डोक्यानं, सगळी माझ्याकडं बघत. झेंडा अर्ध्यावर. लेबर ऑफिसरचे डोळे लाल. त्यांनी माझा हात धरला.

मी विचारलं, “कधी?”

ते म्हणाले, “आत्ताच. तीनच्या सुमारास.”

कोण, हे विचारायची गरजच वाटली नाही. मी आत कोंडून बसलो आणि बाहेर नाना गेले. खोटं कशाला बोलू, माझं अर्धं दुःख नानांसाठी होतं आणि अर्धं सोमवारसाठी.

“बोल दोन शब्द,” ऑफिसर म्हणाले. “लोक तुझ्यासाठीच थांबलेत.”

तीन दिवस तोंड शिवून बसलेल्या माणसाला हजार माणसांसमोर बोल म्हटल्यावर काय होणार? माझा बांध फुटला. माईक बाहेर ओढला. आपले नाना गेले, असं म्हटलं मात्र, सगळ्या यार्डातून हुंदका उठला. इतका वेळ जे नाव कुणी घेत नव्हतं ते मी घेतलं होतं. मग मी नानांची सायकल सांगितली. पावसापाण्यात मोडक्या सायकलवर हा माणूस हिंडला म्हणून आज आपल्या घरात दोन वेळची चूल पेटते, असं म्हणालो. इथवर ठीक होतं. इथं थांबायला हवं होतं.

“नानांनी मला शब्द दिला होता,” मी म्हणालो. शब्द वगैरे काही दिलेला नव्हता, आमचं उभ्या जन्मात बोलणं झालं नव्हतं, पण रडण्याच्या भरात माणसाला काय आठवेल सांगता येत नाही. “म्हणाले होते, किसन, तुला कायम करतो. आता ती सही कोण करणार? तिकडं बावड्यात एक लेक वाट बघत बसलीय, तिला मी काय तोंड दाखवू?”

माणसं रडत होती. तात्या तर खांबाला टेकून फेट्याच्या टोकानं डोळे पुसत होते. मी पुढं मामांबद्दल सांगायला लागलो. तेवढ्यात ऑफिसातल्या टेलिफोनच्या बाई धावत आल्या. त्या लेबर ऑफिसरच्या कानाशी लागल्या, पण ऑफिसर माझ्या शेजारी आणि माईक आमच्या मधे. त्यामुळं जे बोलणं झालं ते गावच्या चावडीपर्यंत गेलं.

“साहेब, नानांच्या बंगल्यावरनं फोन आहे.”

“कोण बोलतंय?”

“नाना.”

कुठल्यातरी बैलानं मान हलवली, त्याची घुंगरं तेवढी वाजली.

“काय म्हणतायत?”

“म्हणतायत, काल संध्याकाळीच दवाखान्यातून घरी आलोय. भाषण संपत आलं असंल तर मिल चालू करा. बॉयलर गार होईल.”

लेबर ऑफिसर माझ्याकडं वळले. “किसन, तुला कुणी सांगितलं नाना गेले म्हणून?”

“तुमच्या झेंड्यानं, साहेब. तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुझ्या रेडिओनं.”

त्यानंतरचा अर्धा तास मी काही सांगणार नाही. एवढंच सांगतो की माणूस जिवंत असल्याचं ऐकून इतकी माणसं एकाच वेळी चिडलेली मी परत कधी पाहिली नाहीत. मी आपला व्हायोलिनला दोष देत होतो. सूरच तसले होते, कुणाचाही घोटाळा झाला असता, असं म्हणत होतो.

तात्यांनी फेटा पुन्हा बांधला आणि म्हणाले, “सुराचं काय न्हाय रं. तू आर्धा तास गप हुतास. आमी वळखतो की तुला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांचं बोलावणं आलं, येताना कॅसेट घेऊन ये, अशा निरोपासकट. मी समजलो. मंदा गेली, नोकरी गेली, आता पुरावा जप्त होणार. बंगल्यावर पोचलो तर नाना पलंगावर, उशीला टेकून. अंगात काही राहिलं नव्हतं, डोळे मात्र टवटवीत. काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, चहा ठेवून आत गेल्या.

“भाषाण ऐकलं तुझं,” नाना म्हणाले. “चावडीच्या कर्ण्यातनं सगळं ऐकू येतं हितं.”

मी खाली बघत होतो.

“सायकल आली, ती बरी आली. मग तुझा कायमचा कागद आला. मग बावडा आलं. पुढं मामा येणार हुता वाटतं. मयत माझी हुती का तुझी?”

“चुकलं, नाना.”

“आन शब्द कवा दिलता मी तुला?”

“दिला नव्हता.”

नानांनी कोपऱ्याकडं बोट केलं. मग म्हणाले, “लाव ती कॅसेट.”

कोपऱ्यात त्यांच्या नातवाचा टेपरेकॉर्डर होता. मी लावली. नानांनी डोळे मिटले. ती संथ व्हायोलिनं चालू झाली, ते हुंदका गिळणारं वाद्य आलं, गेलं, परत आलं. चहावर साय धरली. एक बाजू संपेस्तोवर त्यांनी डोळे उघडले नाहीत, आणि मला मधेच भीती वाटली की आज खरंच माझ्या हातून होतंय की काय.

“कोण गेलंय त्या वाजवणाऱ्याचं?” नानांनी विचारलं.

बैल, म्हैस, बायको, जे हवं ते माझ्या जिभेवर तयार होतं. पण त्या माणसापुढं ते बोलवेना. “मला माहीत नाही, नाना. मला इंग्रजी येत नाही. दोन महिने मी सगळं मनचंच सांगतोय.”

“ह्ये इंग्रजीत कुटं वाजवतोय त्यो,” नाना म्हणाले. मग म्हणाले, “सोमवारी सही करतो. पर एक कर. माझी खरी येळ यील तवा तू बोलायचं न्हाय. ह्येच लाव.”

मला भरून आलं. मी हो म्हणालो, पाया पडलो आणि बाहेर येऊन बंगल्याच्या पायरीवर बसून रडलो. कालच्यापेक्षा खरं रडलो, आणि बघायला कुणी नव्हतं.

सही झाली. मामांनी कागद उलटसुलट करून बघितला, शिक्का नखानं खरवडला आणि साखरपुडा उरकला. लग्नात तात्यांनी आहेराला फेटा दिला. अर्थ सांगणं मी सोडलं म्हणतात, पण ते माझ्या बायकोनं सोडायला लावलं.

चार हंगामांनंतर, थंडीत, एका सकाळी नाना गेले. खरंच गेले. बंगल्यावरून फोन आला तेव्हा मी खोलीतच होतो. आणि बघा, जित्याची खोड. त्यांना दिलेला शब्द त्या क्षणी आठवलाच नाही. माझा हात आधी माईककडं गेला.

“मंडळी, सांगायला अत्यंत दुःख होतं की आपले नाना आज आपल्यात राहिले नाहीत.”

यार्डात हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, “बंगल्यावर फोन करून इचारा आधी.” गाड्या चालूच. गव्हाणीत ऊस पडतोय, मिल घरघरतेय. मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. मंदाची शपथ घेतली. हशा वाढला.

भिवातात्या खिडकीत आले. खूप थकले होते ते. “किसनराव, आता तुमी कायम झालाव. आता कशापाई?”

मला बोलता येईना. खरोखरच येईना. आणि तेव्हा मला नाना आठवले. मी माईक बंद केला, टेबलाच्या खणातून ती कॅसेट काढली आणि लावली.

पहिला सूर गेला तरी कुणी हललं नाही. माणसं वाट बघत होती, आता हा बोलेल, आता बोलेल. मी बोललो नाही. तात्या खिडकीतून माझं तोंड बघत राहिले. मग त्यांनी सावकाश फेटा काढला. त्यांच्यामागं पहिल्या गाडीवाल्यानं टोपी काढली, मग दुसऱ्यानं. थोड्या वेळानं मिल थांबली. मी खोलीत बसून होतो आणि माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं. नानांच्या मयतीला मी एक शब्द बोललो नाही.

तेव्हापासून आमच्याकडं ती पद्धतच पडली. कुणाच्या घरी मयत झाली की माणूस सायकल मारत माझ्या दाराशी येतो. मी आतून चपला घालतच बाहेर येतो, धीर द्यायला तोंड उघडतो. आणि तो हात जोडून म्हणतो, “किसनराव, तुमी येऊ नका. कॅसेट तेवढी द्या.”